शेजारची जागा दादाची

सोमवार, ९ जुलै

आईला पुन्हा तेच स्वप्न पडलं. फान्याना फाटकाबाहेर उभा आहे, डोक्यावर टोपी, आणि आत येत नाही. ती हाका मारते, तो फाटकाच्या कडीकडे बघत राहतो. या महिन्यातली ही चौथी वेळ.

सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा ती ब्लँकेट गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती. तेच तपकिरी, सिंहाचं चित्र असलेलं. एकोणीस वर्षं झाली, दुसरं अंगावर घेत नाही. "माझ्या वेलाफीने आणलेलं," असं माझं नाव घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी पुष्कळदा म्हटलं, आई, विरलं ते आता, नवं आणतो. ऐकत नाही.

"त्याला घेऊन ये," ती म्हणाली. "मला आता फार थांबता येणार नाही. मी गेले आणि तो बाहेरच राहिला, तर तिकडे त्याच्या बापाला काय सांगू?"

फान्याना माझा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तिकडे, जोहान्सबर्गच्या पलीकडच्या सोन्याच्या खाणीच्या गावात वारला. छातीचं दुखणं. पुरलाही तिकडेच. पण पुरलं म्हणजे माणूस घरी आला असं होत नाही. जिथे शेवटचा श्वास सोडला तिथेच तो बसून राहतो, घरचं कुणी जाऊन हाक मारेपर्यंत. घरात पुरुष म्हणून मी एकटा उरलो आहे. अकरा वर्षं मी पुढच्या हिवाळ्यात जाऊ म्हणत आलो. आधी शाळा होती, मग निवृत्तीची कागदपत्रं, मग गुडघे.

"एवढ्या वर्षांत त्याने एकदाही घरची वाट का धरली नसेल रे?" आईने विचारलं.

"शहर असंच असतं, आई."

हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की ते आपोआप येतं. जायचं ठरवलं. ही वही शाळेच्या रोजनाम्याची आहे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो तेव्हा तीन कोऱ्या वह्या घरी आणल्या होत्या, कुणी विचारलं नाही.

बुधवार, ११ जुलै

शेजारच्या, विधी जाणणाऱ्या झोंडी आजोबांबरोबर ओढ्यापलीकडे जाऊन म्फाफाची फांदी तोडली. रानबोरीचंच झाड ते. प्रत्येक पेरावर दोन काटे, एक सरळ, एक मागे वळलेला. हात चांगलाच ओरबाडला. हात ओरबाडल्याशिवाय ही फांदी कुणाला मिळत नाही, असं आजोबा म्हणाले आणि आपण लांब उभे राहिले.

नियम त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. तो गेला त्या जागी उभं राहून नावाने हाक मारायची, घरी चल म्हणायचं. मग तो फांदीवर येतो. फांदी पांढऱ्या कापडात गुंडाळायची. गाडीत त्याची वेगळी जागा, वेगळं भाडं. आपण खाऊ तेव्हा त्यालाही घास. नदी आली, मोठं वळण आलं, गाडी बदलली, की त्याला सांगायचं. नाही सांगितलं तर तो तिथेच उतरतो आणि भटकत राहतो. आणि हाक मारल्यापासून घरात पोचेपर्यंत कुठल्याही जिवंत माणसाशी बोलायचं नाही. फक्त त्याच्याशी.

"आणि लघवीला गेलो तर?" मी विचारलं.

"सांगून जा. तो काय तिथे तुझ्या मागे येणार आहे?" मग म्हणाले, "सोबत कुणाला तरी ने. तुझ्या वतीने लोकांशी बोलायला."

"एकतीस वर्षं शाळेत काढली मी, आजोबा. मला माणूस कशाला लागतो?"

"शाळेत बोलायचं होतं, वेलाफी. इथे गप्प बसायचंय. जमेल?"

मी दुपारी बसून सहा कार्डं लिहिली. 'मी दिवंगत भावाला घरी नेत आहे. मला बोलता येत नाही. शेजारची जागा त्याची आहे. भाडं दोघांचं दिलं आहे.' अक्षर अजून ठीक आहे. सोबत वगैरे काही लागणार नाही.

संध्याकाळी आईने फांदीवर हात ठेवला. काट्यांना न घाबरता ठेवला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

गुरुवार, १२ जुलै. रात्र चर्चच्या धर्मशाळेत

पहाटे नोंगोमाच्या अड्ड्यावर गेलो. टॅक्सी सोळा माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि आम्ही नऊच होतो. तीन तास बसलो. मागच्या बाकावर, चाकावरची जागा, गुडघे हनुवटीला. पुढे एका बाईच्या मांडीवर कोंबडी होती. ती कोंबडी सबंध प्रवासभर माझ्याकडेच बघत होती. खिडकीचं रबर निघालेलं, उलुंडीचा ऐन हिवाळ्याचा गारठा थेट कानात. गाणी इतक्या मोठ्याने की दात हलत होते. पाय सुजले, बूट काढले तर परत जाईनात.

आणि तरी इथे खरं लिहितो, मला बरं वाटत होतं. सात वर्षांत मी नोंगोमाच्या पुढे गेलो नव्हतो. पीट रिटीफच्या अड्ड्यावर एक बाई गरम ग्विन्या तळते, पिठाचे गोळे, बोटं भाजणारे. दोन खाल्ले, वर दुधाळ चहा. मग आणखी एक खाल्ला. पाइनच्या जंगलांतून गाडी चालली होती, ऊन आडवं पडत होतं, शेजारच्या बाईचं मूल माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपलं होतं. दंडाला मुंग्या आल्या तरी मी हलवला नाही. मेलेल्या भावाला आणायला निघालेल्या माणसाला इतकं सुख होऊ नये.

याच वाटेने फान्याना अठराव्या वर्षी गेला. त्याच्या पगारावर मी मास्तर झालो, असं लोक म्हणतात. खरं आहे. पण परीक्षा मी दिल्या.

शुक्रवार, १३ जुलै

खाणीच्या होस्टेलवर गेलो. राखणदार गुमेडे म्हणून म्हातारा आहे, फान्यानाबरोबर एकाच खोलीत होता. त्याने ओळखलंच मला. "नाक तेच," म्हणाला.

खोलीत आता चार तरुण पोरं राहतात. आम्ही आत आलो तशी ती उठून उभी राहिली, टोप्या काढल्या. मी पिशवी उघडून फांदी बाहेर काढली तेव्हा गुमेडेने मला दाराबाहेर नेलं.

"मास्तर, तो इथे नाही गेला."

"खाणीच्या पत्रात हाच पत्ता होता."

"पत्ता असेल. खाट त्याची नावाला होती. शेवटची सहा वर्षं तो खुत्सोंगला राहायचा, त्या सोथो बाईकडे, आपल्या जमातीतली नव्हे ती. मामेल्लो. तिच्याच घरी गेला. सकाळी ती रडत इथे आली, मीच गेलो होतो तिच्याबरोबर."

"पत्रात होस्टेलच लिहिलंय," मी म्हटलं.

"पत्र लिहिणारा ऑफिसात बसतो," गुमेडे म्हणाला. "मी तिथे होतो."

मी आत गेलो. खाटेशेजारी उभा राहिलो. हाक मारली, वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, चल म्हटलं. फांदी गुंडाळली. सगळं नीट, क्रमाने केलं. निघताना गुमेडेशी काहीतरी बोलावं असं वाटलं, पण बोलता येत नव्हतं, ते एका अर्थी बरं झालं.

एका परक्या बाईच्या घरात जाऊन आमच्या माणसाला हाक मारायची, हे मला पटत नाही. कागद कागदच असतो.

लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. झोंडी आजोबांनी लिहायला मनाई केलेली नाही.

शनिवार, १४ जुलै. पॉलपीटर्सबर्ग

कार्डांचा उपयोग झाला. ड्रायव्हरने वाचलं, मान खाली घातली आणि पुढच्या दोन जागा दिल्या. "दोन माणसं," तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला. "बाबा बोलणार नाहीत. त्यांना काही विचारू नका." गाणी बंद केली. एका तरुणीने फोनवर हसणं सुरू केलं तर तीन बायकांनी तिला एकदम दटावलं. फांदी माझ्या शेजारी, पांढऱ्या कापडात, पट्टा लावून. गाडीत इतकी शांतता मी शाळेत परीक्षेच्या दिवशीही पाहिली नाही.

वाल नदी आली. मी म्हटलं, "दादा, वाल नदी." एर्मेलोला म्हटलं, "दादा, एर्मेलो." एवढंच. आगगाडीत गार्ड स्टेशनांची नावं घेतो तसं. यापलीकडे मला काही सुचलं नाही. पीट रिटीफला दोन ग्विन्या घेतले, एक त्याच्यासमोर ठेवला. तो गार झाला. माझाही गार झाला.

तिथून एक म्हातारी चढली, शेजारच्या बाकावर बसली. फांदी दिसल्यावर तिने शाल सावरली. थोड्या वेळाने माझ्याशी नाही, फांदीशी बोलायला लागली.

"नीट जा हं बाबा. घर जवळ आलंय." मग म्हणाली, "आमच्याकडे घोटाळा झाला होता. नवरा दवाखान्यात गेला. माझ्या दिराला दवाखान्याची शरम. म्हणाला, रस्त्यात अपघात झाला तिथूनच आणू. आणला. बकरा कापला, सगळं केलं. आणि तो तसाच उभा, दवाखान्याच्या पायरीवर. माझ्या स्वप्नात येऊन म्हणायचा, मला कुणी हाकच मारली नाही. तीन वर्षांनी पुन्हा जाऊन आणला. तोवर सासूबाई गेल्या होत्या. त्यांना तो भेटलाच नाही."

एवढं सांगून तिने पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला लागली.

फोंगोलो नदी आली. पुलावर मी तोंड उघडलं. 'दादा, फोंगोलो,' एवढंच म्हणायचं होतं. निघालं नाही. मी एका रिकाम्या जागेला नद्यांची नावं सांगत होतो, हे मला शुक्रवारपासून ठाऊक होतं.

पॉलपीटर्सबर्गला गाडी थांबली तेव्हा मी फांदी घेऊन उतरलो. ड्रायव्हर धावत आला. "बाबा, नोंगोमा लांब आहे अजून." मी कार्डाच्या मागे लिहिलं: 'चुकीच्या जागेहून आणलं आहे. मागे जातो.' त्याने मोठ्याने वाचलं. गाडीतले सगळे ऐकत होते. कुणी हसलं नाही. त्या म्हातारीने अर्धं संत्रं खिडकीतून माझ्या हातात दिलं.

ड्रायव्हरनेच इथल्या चर्चमध्ये खोली पाहून दिली. फांदी रिकामी असेल तर मला बोलायला हरकत नाही. भरलेली असेल तर तिला मागे नेणं पाप. काहीच कळत नाही म्हणून गप्प आहे.

रविवार, १५ जुलै. खुत्सोंग

अख्ख्या आयुष्यातला सर्वांत वाईट प्रवास. रविवारी माणसं निघत नाहीत, गाडी भरायला दुपार झाली. पोट बिघडलं. ड्रायव्हरला थांब म्हणता येत नाही, कार्डावर तसं काही लिहिलेलं नाही. शेवटी पोटावर हात ठेवून खुणेने सांगितलं आणि सगळी गाडी मक्याच्या कापलेल्या शेताशी माझी वाट बघत उभी राहिली. परत येताना मी वर बघितलं नाही. एकतीस वर्षं पोरांना मी वर्गाबाहेर जायची परवानगी मागायला लावली, ते आठवलं.

पाच वाजता पोचलो. तिचं घर शोधायला सोपं होतं. मी दाराशी गेलो नाही. समोरच्या दुकानाच्या वर खोली घेतली आहे. उद्या जाईन.

पत्र, पत्ता, परकं घर, हे सगळं मी लिहिलं ते खरं नव्हतं. मी त्या बाईला एकदा पाहिलं आहे. आमच्या फाटकाशी. त्याबद्दल आज लिहीत नाही, बोटं गारठली आहेत.

सोमवार, १६ जुलै

तिने दार उघडलं आणि माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं.

"आलात," ती म्हणाली. "अकरा वर्षं लागली."

साठीची असेल. केस सगळे पांढरे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, झाडून लख्ख. खुंटीवर त्याचा कोट आणि टोपी. मी बोलू की नको या विचारात उभा होतो. ती म्हणाली, "फांदी रिकामी आहे मास्तर, बोला. तो कुठे गेलेला नाही, इथेच आहे. गुमेडे येऊन सांगून गेला तुम्ही काय केलंत ते. मी त्याला म्हटलं, येतील परत."

"कशावरून?"

"तुमचा भाऊ म्हणायचा, वेलाफी गणित चुकलं तर रात्रभर झोपत नाही."

मी कार्डं, होस्टेल, पत्र, असं काहीतरी बोलायला लागलो. तिने चहा ओतला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घर माझं आहे. हाक मारायच्या आधी मला विचारावं लागेल."

खरंच आहे. नियम तसाच आहे. मी विचारलं.

"देते," ती म्हणाली. "एका अटीवर. मी फाटकापर्यंत येणार. तुमच्या वतीने लोकांशी बोलेन. आत येणार नाही, घाबरू नका. फाटक माझ्या ओळखीचं आहे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

आतल्या खोलीत खाट आहे. तिच्यावर राखाडी चादर. तीच आधी वाकून म्हणाली, "ऊठ रे. भाऊ आलाय न्यायला." रोज सकाळी उठवत असेल तसंच, सहज. मग मी हाक मारली. होस्टेलमध्ये मारली तशीच, तीच नावं, त्याच क्रमाने, पण वडिलांच्या नावाशी अडखळलो आणि ते दोनदा घ्यावं लागलं. फांदी उचलायला गेलो तर वाकडा काटा चादरीत अडकला. मी ओढली असती. तिने माझा हात बाजूला केला आणि एकेक धागा बोटांनी सोडवला.

आता मी बोलत नाही. तिनेच दुकानदाराला खोलीचं सांगितलं, तिनेच उद्याच्या तीन जागा ठरवल्या.

मंगळवार, १७ जुलै, पीट रिटीफ, गाडी थांबली आहे तेवढ्यात

पहाटे चारला निघालो. तिने पायांवर घ्यायला शाल आणली आहे, उकडलेली अंडी, वाफवलेला पाव, मिठाची पुडी. माझ्या बुटांचे बंद तिने सैल करायला लावले. "सुजले म्हणजे मग काढता येत नाहीत, त्याचंही असंच व्हायचं." पाय आज ठीक आहेत. अंड्याला मीठ लावून खाण्याइतकं चांगलं प्रवासात दुसरं काही नाही.

कुणी जागा मागितली की ती सांगते, "इथे माणूस बसलाय." कुणी मला नमस्कार केला की तीच परत करते.

आणि मला जे काही दादाला सांगायचं ते तिच्या देखत सांगावं लागतं. वाल नदीला मी म्हटलं, "दादा, वाल नदी." आणि थांबलो. ती खिडकीबाहेर बघत होती. मग मी म्हटलं, "पाणी कमी आहे यंदा." मग एर्मेलोपासून कसा कोण जाणे बोलतच सुटलो. शाळेचं छप्पर उडालं त्या वर्षीचं सांगितलं. तू लावलेलं पीचचं झाड वीज पडून गेलं, पण बुंध्यातून फुटलं, असं सांगितलं. आईला एका कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूने बोल, असं सांगितलं. एकोणीस वर्षं ज्याच्याशी एक शब्द बोललो नाही, त्याच्याशीच फक्त बोलायची आज मुभा आहे. ड्रायव्हर मध्येच "हं" म्हणत होता.

तीन ग्विन्या घेतले. दादाचा आम्ही नंतर वाटून खाल्ला. गरम होता.

बुधवार, १८ जुलै. घर

काल घरी पोचल्यावर लिहायचं झालं नाही.

काळी म्फोलोझी नदी ओलांडल्यावर मी गप्प झालो. डोंगर दिसायला लागले, आपले. ती हळूच म्हणाली, "गप्प का झालात? पुढची वाट त्याला ठाऊक आहे असं धरू नका. या बाजूने तो माझ्याबरोबर एकदाच आला. परत जाताना त्याने मान वर केली नव्हती."

मी सांगत राहिलो. ओढा. शाळा. झोंडींचं कुंपण.

ऊन कलतीला आलं होतं. आई फाटकाच्या आत चटईवर बसली होती, ब्लँकेट पांघरून. झोंडी आजोबा शेजारी. ती बाई कबूल केल्याप्रमाणे रस्त्यावरच थांबली, वीस पावलं मागे, हातात त्याचा कोट आणि टोपी. आई तिच्याकडे बघत होती, पण विचारायचं कुणाला? मला बोलता येत नव्हतं.

मी कडी काढली. फाटक उघडलं. आता म्हणायचं, दादा, हे घर, आत ये. एवढंच. याच जागी उभं राहून मी त्याला नको म्हटलं होतं, आणि ते अजून कुणी मागे घेतलेलं नव्हतं. तो आत कसा येणार?

मी जे बोललो ते आठवतं तसं लिहितो.

"दादा, हे फाटक. इथेच मी तुला अडवलं. रविवार होता, आई चर्चच्या सभेला गेली होती. तू यांना घेऊन आला होतास. या मला भाऊजी म्हणाल्या. मी म्हटलं, कोण भाऊजी? सोथो बाई या घरात येणार नाही, आणि ती बरोबर असेल तर तूही येऊ नकोस. मी नवा मुख्याध्यापक होतो, लोक काय म्हणतील याची मला भीती होती. तू भांडला नाहीस. ब्लँकेटचं गाठोडं माझ्या हातात दिलंस. म्हणालास, आईला दे आणि सांग, मी येऊन गेलो. ब्लँकेट मी दिलं. मी आणलं म्हणून दिलं. तू येऊन गेलास हे सांगितलं नाही. एकोणीस वर्षं सांगितलं नाही. चूक तुझी नव्हती, शहराची नव्हती. माझी होती. आता मीच म्हणतो. आत ये. वहिनींना घेऊन आत ये."

आईचा डावा कान माझ्याकडे होता. तिने सगळं ऐकलं.

झोंडी आजोबा जमिनीकडे बघत होते. आई काठी टेकून उठली. मला वाटलं माझ्याकडे येते आहे. ती माझ्या बाजूने गेली, फाटकातून बाहेर, रस्त्यावर. वहिनींसमोर जाऊन उभी राहिली. ब्लँकेटचं टोक वर धरलं.

"हे कुणी निवडलं?"

"दोघांनी," वहिनी म्हणाल्या. "सिंह त्यांनी. रंग मी."

"ऊबदार आहे," आई म्हणाली. "एकोणीस हिवाळे काढले यात."

मग तिने वहिनींचा हात धरला आणि त्यांना आत घेऊन आली. मी फांदी घेऊन मागून गेलो. घरात मागच्या भिंतीशी पितरांच्या जागेवर ठेवली. म्हटलं, "दादा, पोचलो." आजोबा म्हणाले, झालं, आता बोल.

मी म्हटलं, "आई."

ती वहिनींना विचारत होती, त्याला शेवटी फार त्रास झाला का. तिने वळून पाहिलं नाही.

शनिवार, २१ जुलै

बकरा झाला. माणसं आली, जेवली, बिअरचं मडकं फिरलं. आईला चार दिवस स्वप्न नाही. गाढ झोपते, घोरते सुद्धा. त्याचा कोट आणि टोपी तिने भिंतीवर स्वतः टांगली. वहिनी सोमवारी परत जाणार होत्या, आईने पुढच्या महिन्यापर्यंत थांबवून घेतलं आहे.

माझ्याशी ती बोललेली नाही. चहा नेतो, घेते. काल मी तिला दोनदा हाक मारली. मी शेजारी बसतो आणि सांगतो, आई, आज ऊन आहे, आई, झोंडींची गाय व्याली. नद्यांची नावं सांगितल्यासारखं. ती ऐकते का नाही ते कळत नाही. दादाने हे तिकडे एकोणीस वर्षं कसं सोसलं असेल, याचा मी आज पहिल्यांदा विचार केला.

संध्याकाळी मी अंगणात फाटकाजवळच बसलो होतो. आत भांड्यांचा आवाज येत होता, आईचं बोलणं येत होतं. थोड्या वेळाने वहिनी दारात आल्या.

"आई म्हणतात, त्याला सांग, गार होतंय, आत येऊन जेव."

"तुम्हाला सांगितलं?"

"मला सांगितलं. तुम्हाला सांगायला."

मी उठलो आणि आत गेलो.